प्लेटवर सगळ्या गुलाबीच : बडोद्यातल्या एका रक्ती हगवणीचं प्रकरण

हे प्रकरण बडोद्यातल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. त्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आजाराचा क्रम आणि आम्ही घेतलेले निर्णय मात्र होते तसेच ठेवले आहेत. मी सूक्ष्मजीवतज्ज्ञ. रोग्याचं तोंड मला क्वचितच दिसतं. माझ्यापुढे येते ती डबी, तिच्यावरची चिठ्ठी आणि दुसऱ्या दिवशी प्लेटवर उगवलेलं काहीतरी. या मुलीच्या बाबतीत त्या प्लेटवर जे होतं ते मी पाहिलं आणि तरी मला ते दिसलं नाही. म्हणून हे सविस्तर.

पार्श्वभूमी

दांडिया बाजाराच्या बाजूला तीन पिढ्यांपासून राहणारं घर. आजी-आजोबा, मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी नातीला घेऊन डभोईच्या अलीकडच्या एका गावात आपल्या भावाकडे आठ दिवस राहिली. भावाकडे तीन गाई आणि दोन वासरं. मुलीचा सगळा दिवस गोठ्यात जायचा. वासराच्या गळ्यात हात टाकायचा, त्याला चारा भरवायचा, तेच हात फ्रॉकला पुसून पोळीचा तुकडा तोंडात टाकायचा. सकाळी धार निघाली की फेसाळ दुधाचा पेला तिथेच तिच्या हातात. धारोष्ण दूध अंगी लागतं हे आजीनं लहानपणापासून ऐकलेलं. नात एरवी दुधाकडे बघतही नाही, इथे पेला रिकामा करते, याचाच तिला आनंद.

घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी पोटात मुरडा आला आणि पाण्यासारखी शी सुरू झाली. हा आजाराचा पहिला दिवस धरू. दुसऱ्या रात्री शीत रक्त दिसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्तच जास्त आणि शी कमी. ताप मात्र नव्हता. आईनं दर चार तासांनी थर्मामीटर लावून वहीत लिहून ठेवलं होतं, आणि एकही आकडा ९९च्या वर नव्हता. ती वही पुढे फार कामाला आली.

तिसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरांनी ओआरएस आणि ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलचं सिरप दिलं. जुलाबाला आपल्याकडे हे सिरप इतकं सर्रास दिलं जातं की घरोघरी त्याची अर्धी बाटली पडलेली असते. दोन डोस गेले. चौथ्या दिवशी सकाळी मुलगी बालरोगतज्ज्ञांकडे आली, दाखल झाली, आणि तिच्या शीची डबी आमच्या लॅबमध्ये.

पहिला निर्णय : प्रतिजैविक चालू ठेवायचं की थांबवायचं

बालरोगतज्ज्ञांनी डबी पाठवली आणि लगेच फोन केला. "मॅडम, ताप नाही, सुरुवात पाण्यासारखी, मग रक्त. गोठा आणि कच्चं दूध दोन्ही. मला हे शिगेलासारखं वाटत नाही."

त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, चालू सिरप तसंच ठेवायचं. दुसरी, ते काढून शिरेतून सेफ्ट्रियाक्झोन द्यायचं. तिसरी, प्रतिजैविक पूर्ण थांबवून फक्त सलाईन आणि बारीक लक्ष.

पहिल्या दोन वाटांमागे चांगलं कारण आहे आणि ते हलकं समजू नये. आपल्या देशात लहान मुलाच्या शीत रक्त आलं की पहिला संशय शिगेला या हगवणीच्या जंतूचा, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही शिगेला गृहीत धरून प्रतिजैविक द्या असाच आहे. शिगेलावर उपचार झाला नाही तर मूल हातचं जाऊ शकतं.

पण शिगेलात बहुधा सडकून ताप असतो, शी थोडी-थोडी, आव पडलेली, आणि सारखी कळ. इथे ताप नाही, शी भरपूर, आणि पाठीमागे गुरांचा गोठा. हे चित्र शिगा विष तयार करणाऱ्या ई. कोलायचं. त्या जंतूच्या बाबतीत प्रतिजैविक, विशेषतः ऑफ्लॉक्सासिनच्या घराण्यातलं, उलटू शकतं. २००० साली अमेरिकेत अशा ई. कोलायच्या ओ१५७:एच७ या जातीनं आजारी पडलेल्या ७१ मुलांचा अभ्यास छापून आला. प्रतिजैविक मिळालेल्या ९ मुलांपैकी ५ जणांच्या किडन्यांवर परिणाम झाला. न मिळालेल्या ६२ पैकीही ५ जणांच्याच. मुलं थोडी होती, पण ५६ टक्के आणि ८ टक्के यांतला फरक डोळ्याआड करण्यासारखा नव्हता.

डॉक्टरांनी तिसरी वाट धरली. सिरप बंद. जुलाब दाबणारं औषध नाही, कारण विष आतड्यात अडकून राहतं. पोटदुखीसाठी आयबुप्रोफेन नाही. शिरेतून सलाईन मात्र हात आखडता न घेता, कारण पुढे किडनीवर घाला येणारच असेल तर शरीरात पाणी पुरेसं असलेलं बरं. माझ्या मते या सबंध प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय होता, आणि तो माझ्या रिपोर्टची वाट न पाहता, आईच्या वहीतल्या आकड्यांवर आणि गोठ्याच्या एका वाक्यावर घेतला गेला.

कुठे वाट चुकली

सहाव्या दिवशी मी रिपोर्ट दिला. "रोगजंतूंची वाढ नाही. ई. कोलाय वाढले : आतड्यातले नेहमीचे जंतू."

शीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, आपल्याकडे बहुतेक लॅब सॅल्मोनेला, शिगेला आणि व्हिब्रिओ हे जंतू शोधतात. मॅकॉन्की या खाद्याच्या प्लेटवर ई. कोलायच्या कॉलनी, म्हणजे जंतूंचे वाढलेले ठिपके, गुलाबी उगवतात, शिगेला आणि सॅल्मोनेला फिक्या. आमची नजर फिकी कॉलनी शोधायला शिकलेली असते. प्लेटभर गुलाबी दिसलं की हात आपोआप 'नेहमीचे जंतू' लिहितो. निरोगी माणसाच्या शीतूनही अशीच प्लेट येते. थिओडोर एशरिक यांनी १८८५ साली हा जंतू पहिल्यांदा वेगळा केला तोही लहान बाळांच्या शीतूनच.

म्हणजे मी लिहिलं ते खोटं नव्हतं. पण डॉक्टरांनी फोनवर जो प्रश्न विचारला होता त्याचं ते उत्तर नव्हतं, आणि वाचणाऱ्याला मात्र उत्तर मिळाल्यासारखं वाटत होतं. रक्त कमी झालं होतं, मुलगी दोन घास खिचडी खात होती, रिपोर्ट 'नॉर्मल' होता. सातव्या दिवशी तिला घरी सोडलं. त्या दिवशी तिच्या रक्ताची तपासणी झाली नाही. या आजारात जुलाब उतरणीला लागतात तेव्हाच किडनीचा धोका सुरू होतो, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. ती तपासणी माझ्या रिपोर्टमुळे राहिली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मला मात्र तसंच वाटतं.

आठव्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "रात्रीपासून लघवीच केली नाही हिनं." डोळ्यांखाली सूज, ओठ पांढरे, पिंडऱ्यांवर बारीक लाल ठिपके. हिमोग्लोबिन ७.१, प्लेटलेट ४२ हजार, किडनी बिघडली की चढणारं क्रिअॅटिनिन २.८. स्लाइड मी स्वतः पाहिली. तांबड्या पेशी गोल राहिल्याच नव्हत्या. कुणाचा तुकडा उडालेला, कुणी शिरस्त्राणासारखी अर्धवट, कुणी दोन शिंगांची. गुठळ्यांनी निम्म्या बुजलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून घासत जाताना पेशी अशा फाटतात. पेशी फुटणं, प्लेटलेट घटणं आणि किडनी बंद पडणं ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की त्याला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात एचयूएस.

मी सूक्ष्मदर्शकावरून उठून फ्रिजकडे गेले. आमच्याकडे प्लेट आठवडाभर ठेवायची पद्धत आहे, आणि आमच्या लॅबमधल्या मदतनीस बेननी ती खरोखरच ठेवली होती.

तीच प्लेट पुन्हा

आधी हाताशी होतं ते केलं. सॉर्बिटॉल घातलेल्या मॅकॉन्कीवर ओ१५७ जातीच्या कॉलनी फिक्या दिसतात, म्हणून त्या प्लेटवर रेषा ओढल्या. पण त्याला रात्र जाणार, आणि ओ१५७ नसलेल्या जाती त्यातही गुलाबीच राहतात. (दुसऱ्या दिवशी तसंच झालं. सगळ्या गुलाबीच.)

विद्यापीठात माझी एक मैत्रीण गुरांच्या शेणातल्या ई. कोलायवर काम करते. तिच्याकडे चार जनुकं एकदम शोधणाऱ्या पीसीआरचं, म्हणजे जनुकाच्या असंख्य प्रती काढून ते आहे की नाही हे दाखवणाऱ्या तपासणीचं, साहित्य होतं. प्लेटला टेप लावली, थर्मोकोलच्या डब्यात घातली आणि दुपारी स्कूटरवरून स्वतः नेऊन दिली. तिनं एकच कॉलनी न उचलता सगळ्या वाढीवरून एक फिरता स्वाब घेतला. जंतू उकळले, पीसीआर लावला. रात्री साडेआठला आम्ही दोघी जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, वाकून उभ्या होतो.

अतिनील प्रकाशात नारिंगी पट्ट्या उमटल्या. शेजारच्या मापपट्टीशी ताडून पाहिलं : २५५, ३८४, ५३४ अक्षरांचे डीएनएचे तुकडे. चौथी, १८०ची जागा रिकामी. म्हणजे शिगा विषाच्या दोन प्रकारांपैकी दुसरा आहे, पहिला नाही. आतड्याला घट्ट चिकटवणाऱ्या इंटिमिनचं जनुक आहे. आणि तांबड्या पेशी फोडणाऱ्या हिमोलायसिनचं जनुकही आहे.

नंतर त्याच प्लेटवरून आम्ही २० कॉलनी सुट्या उचलल्या. विषाचं जनुक फक्त ३ कॉलनींत निघालं. बाकीच्या १७ मुलीच्या पोटातल्या साध्या, सालस ई. कोलाय. आकार तोच, रंग तोच, वासही तोच. सहाव्या दिवशी मी रीतीप्रमाणे जी एक कॉलनी ओळख पटवायला उचलली होती ती त्या १७ पैकीच एक.

आजींचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी मी रुग्णालयात गेले. मुलीच्या पोटात डायलिसिसची नळी होती. बाहेरच्या बाकावर आजी बसल्या होत्या.

"बाई, माझ्याच हातानं पाजलं हो मी तिला," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प. मग : "पण तुम्ही तर म्हणता हे जंतू सगळ्यांच्याच पोटात असतात. माझ्याही. मग तिच्याच पोटातले असे का उलटले?"

मी त्यांना सांगितलं ते असं. तिच्या पोटातले जंतू उलटले नाहीत, उलटलेले जंतू बाहेरून आले. ते मुळात उलटले कसे, हा खरा प्रश्न. आपल्याकडे वारसा आईबापाकडून येतो. जंतूंना तो शेजाऱ्याकडूनही येतो. तिच्या जंतूकडे तीन हत्यारं होती आणि तिन्ही त्याला वेगवेगळ्या वाटांनी मिळालेली.

इथे मी ते जरा विस्तारानं मांडते, कारण पुढचे निर्णय यावरच टेकलेले आहेत.

विषाचं जनुक एका विषाणूचं आहे. जंतूंनाही विषाणू लागतात, त्यांना फेज म्हणतात. काही फेज जंतूत शिरले की त्याला लगेच मारत नाहीत. आपली जनुकं त्याच्या गुणसूत्रात बसवून स्वस्थ राहतात आणि जंतू दुभंगला की दोन्हीकडे आयते जातात. शिगा विष अशाच एका फेजच्या जनुकांत बसलेलं आहे. नाव कियोशी शिगा यांचं. १८९७ साली जपानमधल्या हगवणीच्या साथीत त्यांनी जो जंतू शोधला त्याचं हे विष, ई. कोलायकडे ते फेजबरोबर आलं. जंतूच्या डीएनएला इजा झाली की त्याची धोक्याची घंटा वाजते, आणि ती घंटा फेजलाही ऐकू येते. बुडत्या जहाजातून बाहेर पडावं तसा तो जागा होतो, स्वतःच्या शेकडो प्रती काढतो, जंतू फोडून बाहेर येतो. विषाचं जनुक फेजच्या नेमक्या त्याच भागात आहे जो या वेळी धडाक्यानं चालू होतो. म्हणून विष तयार होणं आणि जंतू फुटून ते बाहेर पडणं एकाच क्षणी घडतं. ऑफ्लॉक्सासिनसारखी औषधं जंतूच्या डीएनएवरच घाव घालतात, म्हणजे ती घंटा वाजवतात. आणखी एक गोष्ट : सुटलेले फेज शेजारच्या साध्या ई. कोलायमध्ये शिरू शकतात आणि त्यांनाही विष करायला लावतात. हे उंदरांच्या आतड्यात प्रत्यक्ष दाखवलं गेलं आहे. तेव्हा आजींचं 'पोटातले उलटले' अगदीच चूक नव्हतं.

इंटिमिनची गोष्ट वेगळी. ते जनुक जंतूच्या स्वतःच्या गुणसूत्रात, सुमारे ३५ हजार अक्षरांच्या एका सलग पट्ट्यात आहे. अशा पट्ट्याला रोगकारक बेट म्हणतात. ई. कोलायच्या डीएनएत जी आणि सी ही अक्षरं मिळून साधारण निम्मी असतात. या बेटावर ती जेमतेम ३८ टक्के. भाषेचा हेल वेगळा पडला की माणूस परगावचा हे कळतं, तसं हे. बेट कधीतरी दुसऱ्या कुठल्या तरी जंतूकडून आलेलं आणि इथेच स्थायिक झालेलं.

हिमोलायसिनचं जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या छोट्या कड्यावर. अनेक प्लाझ्मिडं जंतू एकमेकांना चिकटून, मध्ये पूल टाकून देतात. औषधांना दाद न देणारी जनुकंही बरीचशी याच वाटेनं पसरतात.

साध्या के-१२ जातीचा पूर्ण जनुकसंच १९९७ साली वाचला गेला, ओ१५७:एच७चा २००१ साली. दुसरीत पहिलीत नसलेली १३८७ जनुकं निघाली. दोघींचं नाव एकच : ई. कोलाय. त्या नावाला रोगाच्या दृष्टीनं फारसा अर्थ नाही हे त्या आकड्यात आहे, आणि मी रिपोर्टात तेवढं नाव लिहून मोकळी झाले होते.

हे काही अमेरिका-जपानपुरतं नाही. कॉलरा आपल्या बंगालचा जुना रोग. त्याचं विष कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं, आणि ते विषही एका फेजच्या जनुकांतून येतं हे १९९६ साली कळलं. घटसर्पाच्या जंतूचं तसंच, ते १९५१ सालीच माहीत होतं. २०११ साली जर्मनीत साडेतीन हजारांहून अधिक माणसं आजारी पडली, आठशेहून अधिक जणांना एचयूएस झाला, पन्नासहून अधिक दगावली. आधी काकड्यांवर आळ गेला. खरं कारण निघालं मोड आलेली मेथी, इजिप्तहून आलेल्या बियांची. तो ई. कोलाय ओ१०४:एच४ आधी आतड्याला थरांनी चिकटणाऱ्या निराळ्याच गटातला होता, आणि त्याला कुठेतरी शिगा विषाचा फेज लागला होता. इंटिमिन त्याच्याकडे नव्हतंच. चिकटायची स्वतःची रीत त्याच्याकडे होती, विष उसनं मिळालं आणि नवाच रोगजंतू उभा राहिला. मेथीला मोड आणणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी : मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. उसळ शिजते म्हणून निभावतं, कच्चे मोड नाही.

आजींना मी यातलं अर्धंच सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग गाय का नाही आजारी पडली?" फार नेमका प्रश्न होता तो. शिगा विषाला पेशीत शिरायला पेशीवर एक ठरावीक कडी लागते. माणसाच्या किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर ती असते. गाईच्या आतड्यातल्या रक्तवाहिन्यांवर नसते. म्हणून गाय हे जंतू पोटात बाळगून धडधाकट राहते आणि शेणातून टाकत राहते.

दुसरा निर्णय : प्लाझ्मा बदलायचा की नाही

आठव्या दिवसाच्या रात्री, जेलवरच्या पट्ट्या दिसायच्या आधी, रुग्णालयात हाच खल चालू होता. भारतातल्या मुलांमध्ये एचयूएसचा मोठा वाटा जंतूंमुळे नसतो. शरीर स्वतःच्याच फॅक्टर एच नावाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं करतं आणि त्यातून हाच आजार उभा राहतो. पाच वर्षांचं वय त्यातही बसतं. तो प्रकार असेल तर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी सोडून उरलेला द्रव, बदलावा लागतो, आणि लवकर; वाट पाहण्यात किडनी जाते. विषाचा प्रकार असेल तर प्लाझ्मा बदलून काही ठोस हाती लागत नाही, उलट पाच वर्षांच्या मुलीच्या मोठ्या शिरेत जाड नळी, तीही प्लेटलेट ४२ हजार असताना.

प्रतिपिंडांची तपासणी बाहेरगावी होते, पाच दिवस लागणार होते. रक्तातलं सी३ हे प्रथिन नेहमीएवढं होतं, पण तेवढ्यावरून प्रतिपिंडांचा प्रकार खोडता येत नाही. किडनीतज्ज्ञ डॉक्टरांचा कल सकाळी प्लाझ्मा सुरू करण्याकडे होता. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

रात्री नऊला मी जेलचा फोटो पाठवला. त्यांनी दोन प्रश्न विचारले. हे जनुक शीतल्या मेलेल्या जंतूंतून आलेलं नाही ना? नाही, प्लेटवर वाढलेल्या जिवंत जंतूतून आलं आहे. नमुन्याची अदलाबदल? आम्ही मूळ डबीतून नवी प्लेट त्याच दुपारी लावली होती. सकाळी तिचंही उत्तर तेच आलं.

ठरलं ते असं. पोटातून डायलिसिस. हिमोग्लोबिन फार घसरलं तर तांबड्या पेशी द्यायच्या. प्लेटलेट फक्त रक्तस्राव झाला तरच द्यायच्या. प्लाझ्मा तूर्त नाही. आणि एक अट आधीच कागदावर लिहून ठेवली : पाच दिवसांत प्लेटलेट वळल्या नाहीत किंवा प्रतिपिंडं निघाली, तर त्याच दिवशी प्लाझ्मा. ती लिहिलेली अट मला फार मोलाची वाटते. त्यानंतरच्या चार दिवसांत प्रत्येक सकाळी नव्यानं घाबरून निर्णय फिरवायची वेळ कुणावर आली नाही. पालकांनाही नेमकं माहीत होतं की कशाची वाट पाहतो आहोत.

काय झालं

डायलिसिस सहा दिवस चाललं. दोनदा तांबड्या पेशी दिल्या. बाराव्या दिवशी प्लेटलेट ९० हजारांवर आल्या. तेराव्या दिवशी प्रतिपिंडांचा रिपोर्ट आला : नाहीत. त्याच दुपारी लघवी सुरू झाली. वडिलांनी मोजपात्रातले ४० मिलिलिटर फोटो काढून सगळ्यांना पाठवले. एकोणिसाव्या दिवशी ती घरी गेली.

भावाच्या गावचं मैत्रिणीनं पाहिलं. पाचही जनावरांच्या शेणाचे नमुने घेतले. एका वासराच्या नमुन्यात त्याच तीन पट्ट्या आल्या. जंतू तोच हे पूर्ण जनुकवाचनाशिवाय म्हणता येत नाही, तरी मुलगी ज्याच्या गळ्यात पडायची ते हेच वासरू. दूध की वासरू हे सांगता येणार नाही. या जातींच्या काहींना माणूस आजारी पडायला शंभरभर जंतूही पुरतात, न धुतलेला एक हात तेवढे सहज आणतो. भावांना आम्ही गाई विका असं सांगितलं नाही; दूध उकळा आणि गोठ्यातून आल्यावर साबणानं हात, एवढंच. दुधाला एक उकळी आली की हा जंतू उरत नाही.

आणखी एक निरीक्षण, जे मला अजून अस्वस्थ करतं. मुलीचा जंतू आम्ही साठवून ठेवला होता. काही आठवड्यांनी पुन्हा वाढवला तेव्हा काही कॉलनींत ३८४ आणि ५३४ होते, २५५ची जागा रिकामी. फेज निघून गेला होता आणि विषही त्याच्याबरोबर. हे जनुक असं येतं आणि जातंही. म्हणजे नमुना उशिरा पोचला किंवा जंतू लॅबमध्ये चार वेळा फिरवला, तर मुलाला ज्यानं आजारी पाडलं ते पुरावा म्हणून उरेलच असं नाही.

आता वेगळं काय करू

सिरपच्या त्या दोन डोसांवर मी खापर फोडत नाही. डोस न मिळालेल्या मुलांनाही एचयूएस होतो, आणि ज्यांनी ते दिलं त्यांच्यापुढे बडोद्यातली शेकडो शिगेलाची मुलं होती. पण ताप नसलेल्या रक्ती हगवणीत गोठा, कच्चं दूध, कच्चे मोड यांबद्दल विचारल्याशिवाय ऑफ्लॉक्सासिन लिहू नये, असं मी आता डॉक्टरांना आग्रहानं सांगते. प्रतिजैविक द्यावंच लागलं तर अॅझिथ्रोमायसिनचा विचार करा. प्रयोगशाळेतल्या पाहणीत ते या फेजला ऑफ्लॉक्सासिनसारखं उठवत नाही, आणि ते शिगेलावरही चालतं.

घरी सोडताना रक्ती हगवणीच्या प्रत्येक मुलाचं हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि क्रिअॅटिनिन पाहावं, आणि दोन दिवसांनी पुन्हा. या मुलीचं सातव्या दिवशी पाहिलं असतं तर कदाचित चोवीस तास आधी कळलं असतं. डायलिसिस टळलं असतं असं मी म्हणणार नाही. लघवी बंद झालेल्या मुलीला आईनं घरी रात्रभर पाहत बसणं मात्र टळलं असतं.

माझ्या टेबलावर दोन गोष्टी बदलल्या. रक्त असलेल्या शीच्या प्लेटवरून आम्ही आता एक कॉलनी उचलत नाही. वाढीवरून फिरता स्वाब घेतो आणि शिगा विषाच्या जनुकांसाठी पाठवतो. मैत्रिणीच्या भरवशावर किती दिवस चालणार, म्हणून ते साहित्य आम्हीही घेतलं. खर्च येतो. रक्ती हगवणीचे नमुने महिन्याला थोडेच असतात, तेव्हा तो पेलतो.

दुसरी गोष्ट फुकटची. रिपोर्टचं वाक्य. 'आतड्यातले नेहमीचे जंतू' हे शब्द आम्ही छापणं बंद केलं. जिथे जनुकतपासणी झालेली नाही तिथे आता लिहितो : "सॅल्मोनेला, शिगेला, व्हिब्रिओ आढळले नाहीत. ई. कोलाय वाढले. हे ई. कोलाय विष तयार करतात का, याची तपासणी केलेली नाही."

पहिल्या आठवड्यात सहा डॉक्टरांचे फोन आले. पाच जणांनी विचारलं, ही ओळ कशाला. सहाव्यांनी विचारलं, "मग ती तपासणी करून द्या ना. मूल माझ्यासमोर बसलंय, ताप नाही." प्लेट फ्रिजमध्ये होती.

मुलगी आता सात वर्षांची आहे. रक्तदाब नॉर्मल, क्रिअॅटिनिन ०.५, सकाळच्या लघवीत प्रथिनं किंचित. निदान पाच वर्षं दर वर्षी तपासायचं ठरलं आहे. पुढची तारीख मे महिन्यातली, आणि ती आईच्या त्याच वहीत लिहिलेली आहे.